एकेचाळीस नंबरची खाच

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पातळबाई म्हणायचे. अंगाने चांगल्या भरभक्कम, जिना चढताना दोनदा थांबणाऱ्या. पण रुग्णाच्या शरीरातून काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या तुकड्याचे काप असे काढत, की फुंकर मारली तर उडून जावेत. सव्वीस वर्षं त्यांनी तेवढं एकच काम केलं. एकाचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर गेला, असं एकदाही झालं नाही आणि हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवत. मी शेजारच्या टेबलावर अहवाल टाइप करणारी. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्यांची एक खोड होती. ठोकळा घरच्या किंवा ओळखीच्या माणसाचा असला, की त्याच्या प्लास्टिकच्या कडेवर सुरीने बारीक खाच पाडायची. "म्हणजे कापताना हात सांभाळून चालतो," त्या म्हणत. "मग बाकीच्यांचे कसेही कापता वाटतं?" असं मी विचारलं, की दोन दिवस अबोला.

यंदा कंपवातावरचं एक संशोधन आमच्याकडे आलं. हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी या रोगाची खूण आतड्यातल्या मज्जातंतूंत सापडते का, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. म्हणून तळघरातले आतड्याचे जुने ठोकळे वर आणले. निम्मे पुढे कंपवात झालेल्यांचे, निम्मे धडधाकट माणसांचे. कोण कुठला हे कापणाऱ्यालाही कळू नये म्हणून नावं झाकून नुसते नंबर चिकटवले. रोगाचं प्रथिन असेल तिथे काचपट्टीवर तपकिरी ठिपके उठणार होते. धडधाकटांत आमच्या पातळबाईही होत्या. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्यातली एक साधी गाठ काढली होती आणि तो ठोकळाही त्यांनीच, खाच पाडून, कापला होता. तो तुकडा वापरायला त्यांनी हौसेने सही दिली. "तुमच्या संशोधनात एक तरी माणूस ठणठणीत असू दे," म्हणाल्या.

काम महिनाभर चाललं. मेण धुवायच्या झायलीनचा वास मला सोसत नाही, मी नाकाला रुमाल लावून बसे. बाई मात्र दोन वर्षांपासून म्हणत होत्या, "हल्ली बाटल्या बिनवासाच्या येतात. पूर्वीसारखा माल राहिला नाही." मी म्हणे, बाई, या वासात मुरलात तुम्ही.

मोजणी संपली, यादी उघडली आणि डॉक्टर कपाळाला आठ्या घालून आल्या.

"एकेचाळीसमध्ये सगळीकडे तपकिरी ठिपके आहेत आणि यादीत तो धडधाकटांत आहे. शेजारचा बेचाळीस आजारी माणसाचा, तो स्वच्छ. अदलाबदल झाली असणार, बाई. चुकतं माणूस कधीकधी."

मला वाटलं, आता बाई आकाशपाताळ एक करणार. पण त्यांनी ट्रे ओढला, एकेचाळीसचा ठोकळा उजेडात धरला. कडेवरची खाच मलाही दिसली.

"अदलाबदल नाही," त्या म्हणाल्या. "कापतानाच ओळखला होता मी. ही खाच माझी आणि आतडंही माझंच."

डॉक्टर खाली बसल्या. "नुसत्या ठिपक्यांवरून काही ठरत नाही, बाई. ते कधी कधी निरोगी माणसांतही दिसतात, म्हणून तर हा शोध चाललाय. तुमची नीट तपासणी करून घेऊ. या रोगात हात थरथरण्याच्या आधी बऱ्याचदा वास येईनासा होतो, तिथपासून बघू."

"घेऊ ना. पण एकेचाळीस तिथेच राहू द्या."

मला त्यांचा रागच आला. एकदा मान हलवली असती, तर नंबर फिरले असते आणि त्या ठणठणीत राहिल्या असत्या. डॉक्टर गेल्यावर मी तसं बोललेही.

"मोह झाला होता गं," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, माझ्या हातून चूक झालेली असू दे."

मग त्यांनी झायलीनच्या बाटलीचं बूच काढलं, बाटली नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. शेवटी माझ्यापुढे केली.

"खरं सांग. याला वास येतो का?"

माझ्या नाकाला रुमाल होता. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण त्यांच्यासमोर ते जमेना.

"येतो, बाई," मी म्हणाले. "पूर्वीसारखाच येतो."