आत्याचा प्रश्न

नव्वदच्या दशकात मी श्रीरामपुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर मिरजगावची माझी आत्या दोन महिने माझ्याकडे राहायला आली. जन्मभर शेतात राबलेली बाई. नुसतं बसून राहणं तिला जमेना.

एका रविवारी पेपरच्या पुरवणीत मी वाचलं, की ज्या बायका हौसेनं व्यायाम करतात, खेळतात, त्यांना हा आजार होण्याची शक्यता थोडी कमी असते. आत्यालाही वाचून दाखवलं.

"हौसेनं म्हंजे?" तिनं विचारलं. "मी रोज मळ्यात पायीच जायाची. खुरपणी, धुणं, पानी. ते मोजत न्हाईत का?"

पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मोजतात. कष्टाचं काम हीसुद्धा हालचालच. पण शक्यता कमी होते म्हणजे संपत नाही. तुम्हालाच का झाला, हे मला सांगता यायचं नाही. तुमचं काही चुकलं म्हणून झाला असं मात्र समजू नका."

घरी येताना आत्या म्हणाली, "तू खेळती का गं कधी?"

मी हसले. शाळेत खेळाचा तास मुलींचा. आम्ही शिक्षिका सावलीत वह्या तपासायचो.

"मग उद्यापासनं खेळू. बघू तरी कसं असतंय."

मी शाळेतली रबरी रिंग मागून घेतली आणि संध्याकाळी आम्ही दोघी शाळेच्या मैदानावर गेलो. ऑपरेशनच्या बाजूचा हात हळूहळू वर न्यायचा, असं डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंच होतं. पहिल्या संध्याकाळी तिनं फेकलेली रिंग जेमतेम चार पावलांवर पडली. आठवडाभरात शेजारच्या दोघी पदर खोचून आमच्यात आल्या. झेल सुटला की आत्या पोट धरून हसायची. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

एकदा ती धापा टाकत म्हणाली, "मळ्यात बी अंग हलतं. पर तवा डोक्यात समदं घर असतं. हे लई येगळं हाय."

आत्या गावी परतली आणि पुढं बरीच वर्षं चांगली राहिली. ते औषधांमुळं की आणखी कशामुळं, कोण सांगणार? शेजारच्या त्या दोघी आणि मी मात्र शाळा सुटल्यावर मैदानावर जात राहिलो. दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापिकाही आल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला हरवलं.