पेन्सिलीतले चार शब्द

कमलिनीबाई रोज सकाळी इंग्रजी पेपरातलं गूढ शब्दकोडं घेऊन बसत, तेव्हा त्यांना दोन गोष्टी लागत: टोकदार पेन्सिल आणि काळं पेन. उत्तर सुचलं की ते पेन्सिलीने. ते का बरोबर आहे, हे दुसऱ्याला समजावता आलं, की मगच वरून पेन. इंद्रपुरी कॉलनीत राहायला आल्यापासून हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता.

समोरच्या घरातल्या विनिताला त्यांनी एकदा मराठीत एक करून दाखवलं होतं. “‘सकाळ जीवघेणी, आत चिंता.’ आता चिंता हा अर्थ. आणि ‘आत’ म्हणजे शब्दांच्या पोटात बघायचं. स सोड, काळ घे, पुढचा जी घे.”

“काळजी! पण एवढी मगजमारी कशाला, आंटी? सरळ विचारायचं ना.”

“सरळ विचारलं तर मजा काय?”

गावोगावच्या कोडेवेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. सात जणांनी वार वाटून घेतले होते. ज्याचा वार, त्याने सकाळी नऊच्या आत सगळ्या उत्तरांची फोड लिहून टाकायची. गुरुवार कमलिनीबाईंचा.

त्या गुरुवारी चार शब्द अडले, म्हणून कोडं टेबलावर ठेवून त्या आंघोळीला गेल्या. परत येऊन चष्मा लावून बघतात, तर एकही घर रिकामं नाही.

चारही शब्द पेन्सिलीत. अक्षर त्यांचंच. ताठ, सगळी एका उंचीची मोठी अक्षरं, त्या नोकरीला होत्या त्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात घोटून घेतलेली. त्या खुर्चीवर बसल्या. हे आपण कधी लिहिलं?

पंधरा दिवसांत ही तिसरी वेळ. पहिल्यांदा वाटलं, नादात लिहिलं असेल. दुसऱ्यांदा त्यांनी तो पेपर रद्दीच्या तळाशी दडवला. आज पेपर दडवून भागणार नव्हतं. नागपूरला आईचं असंच सुरू झालं होतं. दारातली रांगोळी कुणी काढली गं, असं ती विचारायची, आणि तिची बोटं पांढरी असायची.

त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. शंभरातून सात-सात वजा केले. शमिकाचा, म्हणजे पुण्याच्या लेकीचा, वाढदिवस आठवला. ऑफिसात रांगेत बसणाऱ्यांची नावं दारापासून खिडकीपर्यंत म्हणून पाहिली. सगळं आलं. पण भीती जाईना. आईलाही जुनं सगळं यायचं.

चारांतल्या दोन उत्तरांची फोड त्यांना जुळवता आली. उरलेली दोन नुसती बघत बसली होती त्यांच्याकडे. घड्याळात साडेआठ. त्यांनी मोबाइलवर लिहिलं, ‘माझा वार आता दुसऱ्या कुणाला तरी द्या.’ बोट थांबलं. आधी घरात सांगायला हवं.

मनोहरराव स्वयंपाकघरात मटार सोलत होते. नवऱ्याला कोड्यातलं ओ की ठो कळत नसे, त्यामुळे इतके दिवस त्यांच्यापुढे बोलणं टाळता आलं होतं.

“अहो, मला डॉक्टरकडे घेऊन चला.”

“काय झालं? छातीत दुखतंय?”

“डोक्यात. मी लिहिते आणि लिहिलेलं मला आठवत नाही.” त्यांनी पेपर मटारांवरच पसरला. “हे चार मी कधी लिहिले? खरं सांगा. तुम्ही मला लिहिताना बघितलंत?”

मनोहरराव पेपरकडे बघत राहिले. हातातली शेंग तशीच.

“कमल, ते मी लिहिले.”

“तुम्ही?”

“मोबाइलवर उत्तरं मिळतात. तू आंघोळीला गेलीस की उतरवून काढायचो.”

“पण का?”

“दिवाळीपासून तुझी घरं रिकामी राहतात. तू नुसती बघत बसतेस आणि पेपर घडी घालून ठेवतेस. मला तुझी आई आठवली. म्हटलं, रिकामं दिसलंच नाही, तर तू घाबरणार नाहीस.”

“आणि अक्षर? माझं अक्षर काढलंत?”

“तुझं कसलं? आपल्या सगळ्यांचं एकच नाही का ते?”

एकच होतं. ड्रॉइंग ऑफिसच्या दिगंबर साहेबांनी रांगेतल्या तीस जणांकडून सहा-सहा महिने घोटून घेतलं होतं. नकाशा कुणी काढला, हे अक्षरावरून कळता कामा नये. दोघं त्याच रांगेत भेटले होते. हे कमलिनीबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“अहो, दिवाळीपासून कोडं बनवणारा माणूस बदललाय! अख्ख्या ग्रुपची घरं रिकामी राहतायत. विचारायचं तरी!”

“विचारायचीच तर हिंमत नव्हती.”

त्या हसल्या. आपण पंधरा दिवस घाबरलो. हा माणूस तीन महिने शेजारी बसून घाबरत होता. खोडरबर घेऊन त्यांनी चारही शब्द खोडले, जुळलेले दोनसुद्धा. कागदावर वळ राहिले.

“ऐका. उद्या खरंच तसं झालं, तरी तुम्ही भरायचं नाही. रिकामं घर मला दिसलं पाहिजे.”

“आणि तुला नाही दिसलं तर?”

त्यांनी कागदावरचा खोडरबराचा भुसा झटकला. मग म्हणाल्या, “तर तोंडाने सांगा. लिहून नको.”

मनोहररावांनी मान हलवली. हातातली शेंग आता कुठे सोलली.

मोबाइलवरचा तो निरोप पुसून कमलिनीबाईंनी फोड लिहायला घेतली. नऊला दोन मिनिटं कमी असताना ती ग्रुपवर गेली. अडलेल्या चार शब्दांच्या आकड्यांपुढे त्यांनी लिहिलं होतं: आलं नाही.