अळणी चटणी

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात ती जवसाची चटणी घेऊन बसायची. गिऱ्हाइकाच्या तळहातावर आधी चिमूटभर ठेवायची आणि ते चाखेपर्यंत दुसरीकडे पाहत राहायची. चटणी अळणी असे. बहुतेक जण तोंड वाकडं करून पुढे जात.

“मावशी, मीठ काहून नाही टाकत?” एकदा माझ्यासमोर एकाने विचारलं.

“आमच्या बुढ्याले बीपी हाय. डॉक्टरनं मीठ कमी कराले सांगतलं, पन हा मानूस चोरून डब्यात हात घालते. मंग साराच डबा अळनी केला. तू घरी नेऊन टाक ना बापा. टाकलेलं मले काढता येते का?”

मला ते पटलं. मी दर बाजाराला पावशेर नेऊ लागलो. सुरुवातीला पानात जरासं मीठ घेत असे, हळूहळू तेही राहून गेलं.

यंदा घरच्या दुःखामुळे काही महिने बाजाराला गेलो नाही. परवा गेलो, तर शेजारचा कांदेवाला तिला म्हणत होता, “आता मीठ टाकतं तं गिऱ्हाईक बी वाढलं, मावशी.”

“हो,” ती तराजू पुसत म्हणाली. “आता घरी चोरून खानारं कोनी नाही.”

माझ्या तळहातावर तिने चिमूट ठेवली. मला ती खारट लागली. मी नेहमीएवढीच घेतली.