नव्या वजनाची पूजा

खराडीतल्या आमच्या प्रयोगशाळेत औषधं तपासतात, आणि तिथल्या वजनकाट्यांच्या खोलीचा जाच गेली एकोणीस वर्षं माझ्या गळ्यात आहे. आमचा काटा ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवतो. त्याला वारा चालत नाही, दार आपटलेलं चालत नाही, टेबलावर टेकलेलं कोपर चालत नाही. माणसांना नेमकं हेच सगळं करायचं असतं. वैतागून मी दारावर पाटी लावली : ‘वजनांना हात लावू नये. आपला घाम मोजण्याची सोय येथे नाही.’ लोक पाटीचा फोटो काढत आणि आत येऊन कोपर टेकत.

रोज सकाळी नव्या पेटीतलं शंभर ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून काटा पडताळायचा. हे काम अमरावतीहून आलेल्या एका बाईंकडे होतं. त्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि कायम करायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि काटा दोन मिलिग्रॅम जास्त दाखवायला लागला. दुसऱ्या दिवशीही तेवढंच.

“अहो मॅडम, आपल्याला पाटी वाचता येते ना?” मी विचारलं.

“सर, मी चिमट्यानंच उचलते. आकडा रोज तोच येऊन राह्यला. जुन्या पेटीतलं वजन ठेवून पाहू का?”

“नव्या पेटीचं प्रमाणपत्र महिन्याभरापूर्वीचं आहे. चूक वजनाची नसते, हाताची असते.”

त्याच संध्याकाळी मी साहेबांकडे शेरा पाठवला : ‘हाताळणीत निष्काळजी. कायम करण्यापूर्वी विचार व्हावा.’ पाठवला आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.

तिसऱ्या दिवशी, केवळ त्यांना खोटं पाडायला, मी स्वतः जुनं वजन ठेवलं. आकडा चोख आला. नवं ठेवलं, तर दोन मिलिग्रॅम जास्त. भिंग घेऊन पाहिलं. वजनाच्या मुठीखालच्या खाचेत बारीक लाल रेघ होती.

कुंकू.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. दरवर्षी मी काट्याच्या बाहेरच्या आवरणाला कुंकवाचं बोट टेकवतो, बस्स. यंदा वजनांची नवी पेटी आली होती. नवी वस्तू म्हणून मी सगळ्यांत मोठं, शंभर ग्रॅमचं वजन हातात घेतलं, त्याला हळदकुंकू लावलं, खिशातल्या रुमालानं पुसलं आणि परत ठेवलं. एकोणीस वर्षं ओरडतोय मी, आणि उघड्या बोटांनी! स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या बाई तेव्हा समोरच हात जोडून उभ्या होत्या.

मी त्यांना बोलावून खाच दाखवली. “तुम्ही पाहिलं होतंत. मग बोलला का नाहीत?”

“म्हणाले होते ना, सर. जुनं ठेवून पाहू म्हणून.”

मग साहेबांना त्यांच्याबद्दल काय लिहिलंय, तेही सांगून टाकलं. त्यांनी चिमटा पुसून डबीत ठेवला.

“आत्ता वर जातो आणि शेरा मागे घेतो,” मी म्हणालो.

“चला, मी पण येते,” त्या म्हणाल्या. “चूक कोणाच्या हाताची होती, ते तुम्ही कसं सांगता, ऐकायचंय मला.”