जोडी सुटली की माईक गप्प

कॉलेजचं दुसरं वर्ष लागलं तरी हजेरीला "यस मॅडम" म्हणताना माझा आवाज बाहेर यायचा नाही. मॅडम दुसऱ्यांदा नाव घ्यायच्या, मग माझ्या बाकावरची मैत्रीण माझ्या वतीनं हात वर करायची. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वर्गात उभं राहून बोलायचं तर शब्द आधी मनात दोनदा लिहून पाहायची सवय होती, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

म्हणून गॅदरिंगच्या वेळी जे झालं त्याचं मलाच नवल वाटतं. त्या वर्षी मोबाइल गेमची स्पर्धा ठेवली होती. खेळ बहुतेकांना माहीत असेल. चार-चार जणांचे संघ एका बेटावर उतरतात, घराघरांतून हत्यारं गोळा करतात, मैदान हळूहळू लहान होत जातं आणि शेवटी उरेल तो संघ जिंकतो. संघ गावांच्या नावानं होते, कारण मुलं एका बसनं येतात आणि बसमध्येच एकत्र खेळतात. सामने कॉलेजच्या पेजवर लाइव्ह जाणार होते. खेळाडू एका वर्गात बसणार, आणि शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर कॉमेंट्री करणारा.

"कॉमेंट्री कोण करणार?" मॅडमनी विचारलं.  तेव्हा माझी मैत्रीण उठून म्हणाली, "मॅडम, हिच्या घरी माईक आहे!"

वर्ग हसला. मॅडमनी माझं नाव लिहून घेतलं.

खरं तर माईक आमचा नव्हताच. माझे बाबा शेती करतात आणि हिवाळ्यात शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माईकवर बोलतात. माईक साउंडवाल्याचा असतो. आमच्या घरी असतो तो बाबांचा रुमाल. श्वासाचा फुसफुस आवाज येऊ नये म्हणून ते तो माईकला गुंडाळतात. लहानपणी मी मंचावर त्यांच्या खुर्चीला टेकून बसायचे. मधली काही वर्षं पट बंद होते, तेव्हा ते गावातल्या टेनिस बॉलच्या सामन्यांवर बोलायचे, पण घरी येऊन म्हणायचे, "बॉलले गाव नसते."

नाव लिहून घेतल्यावर मला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून खरं हे की मला ते हवं होतं. खोलीत मी एकटी असणार होते, कोणी तोंडाकडे पाहणार नव्हतं, आणि तरी माझं बोलणं ऐकू जाणार होतं. आठवडाभर मी मोठमोठ्या स्ट्रीमरचे व्हिडिओ पाहिले. ते हिंदीत ओरडतात, न थांबता. मी तसंच पाठ केलं.

पहिल्या दिवशी तासभर मी थांबलेच नाही. "क्या मारा है भाई! देखो देखो देखो!" कोण पळतो, कोण वळतो, कोणी दार उघडलं, सगळं सांगितलं. बाजूला कॉमेंट सरकत होत्या. "ताई, पाणी प्या." "आवाज बंद करून पाहा, मस्त दिसते." कोणीतरी हसण्याची चिन्हं ओळभर टाकली. पाहणाऱ्यांचा आकडा उतरत गेला. मी आणखी जोरात बोलले.

पेज सांभाळणारा तिसऱ्या वर्षाचा एक सिनिअर होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. सामने संपल्यावर वायर गुंडाळत तो म्हणाला, "राग नको मानू. फायनलला मी दुसऱ्याला बसवतो. तू स्कोअर लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

"ठीक आहे दादा," मी म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की बसमध्ये सिहोरा गाव येईपर्यंत स्वतःचाच राग येत राहिला. फायनल परवा होती. माईक गेला होता आणि मी त्यासाठी एक वाक्यही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. सकाळी बाबा अंगणात उन्हाला बसले होते. समोर तांब्याला टेकवून फोन ठेवलेला, आणि त्यातून माझाच आवाज येत होता. मी आत पळणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"बस इथं. किती बोलतेस वं माय!"

"बाबा, बंद करा ना."

"थांब. मले एक सांग. पटात जोडी किती वेळ धावते?"

"सात-आठ सेकंद."

"आन त्या सात-आठ सेकंदात मी काय बोलतो?"

मी आठवू लागले. जोडी दोरीपाशी उभी करताना बाबांचं बोलणं मला पाठ होतं. बैलांचे रंग, गाव, धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा कोण, सगळं. मग झेंडा पडतो, जोडी सुटते, आणि... मला फक्त लोकांचा आवाज आठवला. इतकी वर्षं मी त्यांच्या खुर्चीला टेकून बसले होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"काहीच नाही बोलत," मी म्हणाले.

"पाहाले आलेल्याले डोळे आहेत. जोडी सुटल्यावर मी कायले त्याच्या मधात येऊ? बोलाचं ते आधी. कोणत्या गावची जोडी, घरी कोणाच्या हातानं चारा खाते. दोन मिनिटात त्याले ते जोडी आपली वाटली पाहिजे. मग तोच ओरडते. मले गरज नाही." त्यांनी फोनकडे बोट केलं. "काल तू तासभर बोलली. मले एवढंही नाही समजलं का कोण कोणाचं पोरगं होय."

"पण आता उपयोग नाही बाबा. दादानं मले काढलं."

"तू काय म्हटलं त्याले?"

"ठीक आहे म्हटलं."

आई लाखोरीची भाजी निवडत होती, ती तिथूनच म्हणाली, "हिले पंगतीत कोणी उठवलं तरी ठीक आहे म्हणन हे."

त्यावर बाबा हसले. मला हसू आलं नाही. पण त्या दिवशी मी एक वाक्य तयार केलं आणि विहिरीवर, शेतात बांधीच्या धुऱ्यावरून चालताना, भांडी घासताना म्हणून पाहिलं.

फायनलच्या सकाळी दादा लॅपटॉप जोडत होता. मी दारात उभी राहून म्हणाले, "दादा, तीन मॅच आहेत. पहिली मला द्या. नाही जमलं तर मी स्वतःच उठेन."

तो वायर खोचतच म्हणाला, "फायनलमध्ये प्रयोग नको."

"एकच मॅच," मी म्हणाले. तयार केलेलं वाक्य संपलं होतं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही आणि दारातून हललेही नाही. त्याला आत-बाहेर करायचं होतं.

"बरं, पहिली. पण ओरडायचं नाही."

मग मी खेळाडूंच्या वर्गात गेले आणि प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानावर एकेकाला विचारून लिहिलं. आंधळगावचे चौघं चुलतभाऊ निघाले. ते खेळताना बोलत नाहीत, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून खुणा करतात. सिहोऱ्याच्या संघात एक मुलगी होती. औषधाची पेटी सापडली की ती आधी दुसऱ्याला देते. नाकाडोंगरीचा मुलगा आईच्या फोनवर खेळत होता. काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली, तिथलं दिसत नाही, म्हणून तो अख्खा खेळ डावीकडे वळून वळून खेळतो.

"हे सांगशील का लाइव्ह?" त्यानं विचारलं.

"सांगू का?"

"सांग. माय पाहून राहिली घरी. पण फोन तर माझ्यापाशी आहे... शेजारच्या काकूच्या फोनवर."

बाबांचा रुमाल मी न विचारताच आणला होता. तो माईकला गुंडाळला. सामना सुरू झाला, संघ बेटावर उतरले. सुरुवातीला दहा-बारा मिनिटं कोणी कोणाला भेटत नाही, नुसती हत्यारांची शोधाशोध. आदल्या वेळी तिथं मी ओरडत होते. आता मी वहीतलं सांगितलं, सावकाश, घरी बोलते तसं. "हा डावीकडेच वळते, पाहा. त्याच्या मायचा फोन आहे, उजवा कोपरा तडकला आहे." आवाज थोडा कापत होता, पण रुमालानं तोही झाकला असावा. पाहणाऱ्यांचा आकडा चढताना मला दिसला. मी तिकडे पाहणं बंद केलं.

शेवटी मैदान एका गोठ्याएवढं उरलं. आंधळगावचे दोन भाऊ एका भिंतीआड, आणि नाकाडोंगरीचा तो एकटा गवतात.

"आता तुम्हीच पाहा," मी म्हणाले आणि माईक टेबलावर ठेवला.

एवढी शांतता मला सोसेल असं वाटलं नव्हतं. कॉमेंट येऊ लागल्या. "आवाज गेला." "माईक बंद पडला का?" दादा धावत आला, वायर चाचपली आणि कुजबुजला, "रुमालानं अडलं का?" तो रुमाल सोडायला वाकला. मी माईकवर तळवा ठेवला आणि मान हलवली. बोलावंसं फार वाटत होतं. एखादं "देखो देखो" तरी. मी दात आवळून बसले.

आणि मग कॉमेंट बदलल्या. "डावीकडे वळ!" "अरे वळ ना बाप्पा!" "नाकाडोंगरी!" "आंधळगाव, भाऊ सोडू नका!" त्या इतक्या जोरात सरकू लागल्या की वाचता येईनात. दादाचा हात वायरवर तसाच राहिला. तोही पडद्याकडे पाहत होता.

तो डावीकडे वळला. भाऊ उजवीकडून आले.

भिंतीपलीकडच्या वर्गातून आरडाओरडा झाला. मी तरी थांबले. बाबा घड्याळवाल्याची चिठ्ठी हातात आल्याशिवाय निकाल सांगत नाहीत. पडद्यावर निकाल आला, तेव्हा मी माईक उचलला आणि आधी नाकाडोंगरीचं नाव घेतलं, मग आंधळगावचं. हरलेली जोडी आधी मैदानातून जाते, म्हणून तिचं नाव आधी, अशी बाबांची पद्धत आहे.

दादानं पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. "पुढच्या दोन्ही तूच घे," तो म्हणाला. "आणि आता गप्प राहशील तेव्हा मला आधी सांगत जा."

"आधी सांगून टाकलं तर मग गप्प राहून काय उपयोग, दादा?" मी म्हणाले. हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं.

दोन्ही सामने मीच केले. आंधळगावच जिंकलं.

संध्याकाळी घरी पोहोचले तर आई आणि शेजारच्या दोघी काकू अंगणातच बसलेल्या. त्यांनी तिन्ही सामने पाहिले होते. या तिघींनी तो खेळ त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, शाबासकी मिळेल. आई मला पाहताच म्हणाली, "काहून वं, त्या पोट्ट्याले कोणी दुसरा फोन नाही देऊ शकत होतं? एवढ्या मोठ्या कॉलेजात एक फोन नव्हता?"

"आई, स्पर्धा होती ती."

"स्पर्धा होती तर काय झालं. त्याले दिसत नव्हतं तिकडचं."

"त्याची माय काय म्हणत असन," एक काकू म्हणाल्या.

बाबा पटावरून आले तेव्हाही त्यांचं हेच चाललं होतं. बाबांनी पाय धुतले, थोडा वेळ त्यांचं ऐकलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी पिशवीतून रुमाल काढून दिला.

"आज मी बिनरुमालाचा बोललो," ते म्हणाले. रुमाल झटकून त्यांनी घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवला. "मी दुसरा घेईन."