नाक सांगतं

सुरतेतल्या भेस्तानचा आमचा शेजारी पूर्वी नाशिककडे लाल द्राक्षांच्या वाइनी एकमेकींत मिसळून चव जुळवायचा. आता जवळच्या सचिन गावातल्या मिलमध्ये कापडाचे रंग कालवतो. तिथली वाफ दिवसभर नाकात जाते. दारूबंदीच्या सुरतेत तो द्राक्षांबद्दल हळू आवाजातच बोलतो. “शिराझ रंग देते, कॅबरने ताकद. त्यात मर्लो किती घालायची, ते नाक सांगतं, भाऊ.” चहासुद्धा तो ग्लास गोल फिरवून, हुंगूनच पितो.

रविवारी आमच्याकडे दूध करपलं, घरभर वास भरला. दुसरं दूध नव्हतं, आलं-वेलचीही संपलेली, म्हणून बायकोने त्याचाच नुसता चहा केला. चहाला आलेल्या शेजाऱ्याने ग्लास फिरवला, डोळे मिटून हुंगला.

“वहिनी, आज वेलची घातली ना?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. “हो,” म्हणाली.

तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मग ग्लास न फिरवताच त्याने चहा संपवला.