कार्डाची मागची बाजू

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे. नव्या पुस्तकाचं कार्ड केलं की मागच्या बाजूला मी पेन्सिलीनं आणखी काही शब्द लिहीत असे. मुलं ज्या शब्दांत पुस्तक मागतात, ते शब्द. मग कॅटलॉग कॉम्प्युटरवर आला, कार्डं गोदामात गेली.

गेल्या वर्षी जवळच्या कुंभारी गावची एक एम.ए.ची मुलगी शोधाच्या पडद्यासमोर रडवेली होऊन बसली होती. तिची आई विड्या वळते. तिला त्याच बायकांवर प्रबंधिका लिहायची होती. सरांनी बजावलं होतं, उद्यापर्यंत आधीचं संशोधन दाखव, नाहीतर विषय बदल. ती टाईप करत होती, ‘विड्या वळणाऱ्या बायका’. पडदा म्हणत होता, नोंद नाही.

“आमच्यावर कुणीच कायबी लिहिलं न्हाय की, मॅडम.”

माझं डोकंच फिरलं. त्याच बायकांवरचा एक प्रबंध मीच मागच्या कपाटात लावला होता. नाव मात्र ‘असंघटित क्षेत्रातील स्त्री-श्रमिकांच्या सामाजिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास’, आणि पडदा फक्त नावातच शोधायचा. प्रबंध तिच्या हातात दिला आणि गोदामातून त्याचं कार्ड काढलं. मागं माझ्याच अक्षरात होतं: विड्या वळणाऱ्या बायका, कुंभारी. कॅटलॉग कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी कार्डांची फक्त पुढची बाजू भरली होती. काम तपासून सही कुणी केली होती? मीच. मलाच माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा विषय मंजूर झाला. मी कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, सगळीकडं शोधाची चौकट अशीच असते.” म्हटलं, “असू दे. माझी मुलं सगळीकडं जात नाहीत, माझ्याकडं येतात.” आठवडाभर भांडले, तेव्हा कुठं त्यानं विषयशब्दांतही, म्हणजे माझ्या पेन्सिलीच्या शब्दांतही, शोधणारी चौकट दिली.

मुलगी म्हणाली, “तुमी वाचा, मी टाईप करते.” दिवाळीपर्यंत आम्ही दोघींनी सगळ्या कार्डांच्या पाठी कॉम्प्युटरवर भरल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

शेवटचं कार्ड झाल्यावर तिनं पुन्हा तेच तीन शब्द टाकले. प्रबंध पहिल्याच ओळीत आला. तिनं लगेच आईला फोन लावला आणि त्यांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी बोलली. मी विचारलं, काय सांगितलंस?

“म्हणलं, अम्मा, तू हाईस हितं.”